परदेशातला तात्पुरता निवास व्हिसाच्या अर्जात कसा लिहावा? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांतला प्रश्न मुळात एकच आहे. परक्या देशात काही मुदतीपुरता राहणारा, किंवा राहून आलेला, भारतीय माणूस आणखी वेगळ्या देशाचा व्हिसा मागायला जातो, तेव्हा त्याने आपल्या वास्तव्याचे वर्णन कोणत्या शब्दांत करावे? पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. बाकीच्या पत्रलेखकांनीही ते वाचावे, कारण त्यात आलेले मुद्दे पुढे पुन्हा सांगितलेले नाहीत.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून २०१९ पासून दुबईत एका बांधकाम कंपनीत नोकरीला आहे. पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी माझ्या स्पॉन्सरशिपवर येथे राहतात. मे महिन्यात फ्रान्स आणि स्वित्झर्लंडला जाऊन २६ मे रोजी परतण्याचा आमचा बेत आहे. माझा परवाना दर दोन वर्षांनी नवा होतो. सध्याचा १० ऑगस्टला संपतो. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे फ्रान्स-स्वित्झर्लंडसह युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, काम पाहणाऱ्या एजंटचे म्हणणे असे, की ‘टेम्पररी’ हा शब्द दिसला की अर्ज नाकारतात, म्हणून सोबतच्या पत्रात ‘परमनंट रेसिडेंट’ असेच लिहावे. पुढे अमेरिकेचा व्हिसाही काढायचा आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : एजंटचे ऐकू नका. नोकरीवर आलेल्या परदेशी माणसाला संयुक्त अरब अमिरातीत कायमच्या निवासाचा हक्क मिळत नाही. ज्याचा एवढा बोलबाला आहे तो गोल्डन व्हिसासुद्धा फार तर १० वर्षांचा आणि मुदत संपली की पुन्हा नवा करून घ्यावा लागणारा असतो. तुमचा अर्ज तपासणारा अधिकारी त्याच देशात बसून रोज असेच परवाने पाहत असतो. ‘परमनंट रेसिडेंट’ हे शब्द वाचताच त्याला एक तर तुम्हाला स्वतःचा परवाना समजलेला नाही असे वाटेल, नाही तर तुम्ही काही तरी लपवत आहात असे वाटेल, आणि या दोन्हींपैकी कोणतीही समजूत तुमच्या फायद्याची नाही.

हा घोळ होण्याचे एक कारण आपल्याकडच्या अर्जांत आहे, असे मला वाटते. शाळेच्या प्रवेशापासून बँकेच्या खात्यापर्यंत आपण ‘कायमचा पत्ता’ आणि ‘सध्याचा पत्ता’ असे दोन रकाने भरत आलो. त्यामुळे ‘परमनंट’ म्हटले की आपल्याला सांगलीचे घर आठवते, आणि ‘टेम्पररी’ म्हटले की काही तरी कच्चे, आज आहे उद्या नाही असे मनात येते. परदेशी वकिलातीच्या अर्जात हे शब्द घराविषयी नसतात, कायदेशीर हक्काविषयी असतात. तेथे तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारलेल्या असतात : तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक आहात, सध्या राहता त्या देशात कोणत्या आधारावर आणि केव्हापर्यंत राहू शकता, आणि तुमचे पत्र कोणत्या घरी पोहोचेल. तुमच्या बाबतीत ही उत्तरे अनुक्रमे भारत, नोकरीवर आधारित निवास परवाना, आणि दुबईतले राहते घर अशी आहेत. सांगलीचा पत्ता या तिन्हींत कोठेही येत नाही.

आता प्रत्यक्ष अर्ज पाहू. शेंगेनच्या छापील अर्जात एक रकाना असा आहे, की ज्या देशाचे नागरिकत्व आहे त्याखेरीज अन्य देशात तुमचे वास्तव्य आहे काय. असल्यास निवास परवान्याचा किंवा तत्सम कागदाचा क्रमांक आणि त्याची मुदत लिहा. हा रकाना पुन्हा एकदा वाचा. वास्तव्य तात्पुरते की कायमचे, हे तेथे विचारलेलेच नाही. ‘होय’वर खूण करायची, परवान्याचा क्रमांक लिहायचा आणि १० ऑगस्ट ही तारीख लिहायची, एवढेच काम आहे. एजंट ज्या शब्दाला घाबरतो तो शब्द तुम्हाला लिहावाच लागत नाही, आणि जी तारीख लिहावी लागते ती कोणत्याही शब्दाने झाकता येत नाही.

हा रकाना कशासाठी आहे, हे कळले तर तो भरणे सोपे जाते. शेंगेन देशांची जी व्हिसा संहिता आहे, तिच्या सहाव्या कलमाप्रमाणे अर्जदार जेथे कायदेशीर रीतीने राहतो, त्या भागाची वकिलात त्याचा अर्ज तपासते. म्हणजे भारतात न येता तुम्हाला अमिरातीतून अर्ज करता येतो, तो याच परवान्याच्या बळावर. दुसरे कारण एकविसाव्या कलमात आहे : व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्जदार परत जाईल की नाही, याचा अंदाज अधिकाऱ्याला घ्यायचा असतो. चालू नोकरी, घराचा भाडेकरार, मुलीची शाळा आणि या सर्वांना कायदेशीर आधार देणारा परवाना, यांतूनच त्याला तो अंदाज येतो. मुदतीचा परवाना ही तुमची उणीव नसून परत येण्याच्या बाजूचा पुरावा आहे. तोच झाकून ठेवला तर उरते काय?

तुमच्या प्रकरणात खरी अडचण आहे ती तारखेची, आणि तिच्याकडे एजंटचे लक्ष गेलेले दिसत नाही. शेंगेन प्रदेशातून परतल्यानंतर निवास परवाना आणखी किमान तीन महिने चालू असावा, अशी अट तेथील बहुतेक शेंगेन वकिलाती घालतात. तुम्ही २६ मे रोजी परतणार, म्हणजे परवाना निदान २६ ऑगस्टपर्यंत हवा. तो १६ दिवस आधीच संपतो. कंपनीचे सरकारी कागदपत्रांचे काम पाहणाऱ्या पीआरओकडे चौकशी करून नूतनीकरण आधी होऊ शकत असेल तर ते करून मगच अर्ज करा. होत नसेल तर १० मेच्या आत परत येता येईल अशा बेताने सहल अलीकडे आणा. पत्नी आणि मुलीचे परवाने तुमच्या परवान्याला बांधलेले असल्याने त्यांच्याही तारखा पाहून घ्या. कधी कधी कुटुंबाचे परवाने मागाहून निघालेले असतात आणि तिघांच्या मुदती तीन वेगवेगळ्या असतात.

आणखी एक बारीक गोष्ट. २०२२ पासून अमिरातीत पासपोर्टवर निवासाचे स्टिकर लावणे बंद झाले आणि एमिरेट्स आयडी हेच निवासाचे ओळखपत्र झाले. या कार्डावर हुद्दाही छापलेला असतो. कार्डावर ‘सुपरवायझर’ आणि अर्जात ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ असे असेल, तर अधिकारी थबकतो. परवाना काढताना कंपनीने सोयीचा हुद्दा टाकला आणि पुढे बढती झाली तरी तो बदलला नाही, असे आखातात सर्रास घडते. अशा वेळी अर्जात आजचा खरा हुद्दा लिहावा, आणि कंपनीच्या एनओसीत, म्हणजे ना-हरकत पत्रात, ‘परवान्यावर अमुक हुद्दा नोंदलेला आहे, प्रत्यक्षात ते अमुक पदावर काम करतात’ असे एक वाक्य मागून घ्यावे.

सोबतच्या पत्रात निवासाविषयीचा मजकूर साधारण असा असावा : ‘मी भारताचा नागरिक असून २०१९ पासून नोकरीवर आधारित निवास परवान्यावर दुबईत राहतो. हा परवाना दर दोन वर्षांनी नवा केला जातो; सध्याच्या परवान्याची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे. पत्नी आणि मुलगी माझ्या स्पॉन्सरशिपवर माझ्याबरोबर राहतात. २६ मे रोजी आम्ही दुबईला परतणार असून २७ मेपासून मी कामावर रुजू होणार आहे.’ इतके पुरे. विनंत्या, आर्जवे आणि ‘आम्ही कधीही कायदा मोडलेला नाही’ अशी प्रशस्तिपत्रे नकोत. अर्ज मात्र ज्या देशात अधिक दिवस राहणार त्याच्याकडे करावा लागतो. दिवस सारखेच असतील तर प्रथम जेथे प्रवेश करणार त्याच्याकडे. प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी अर्ज देणे नियमाने आवश्यक आहे, परंतु उन्हाळ्याच्या गर्दीत इतके ताणू नये.

अमेरिकेच्या डीएस-१६० या अर्जात मात्र प्रश्न उघडच विचारलेला आहे : नागरिकत्वाच्या देशाखेरीज अन्य कोणत्या देशाचे तुम्ही कायम निवासी आहात काय? तुमचे उत्तर ‘नाही’. त्याच वेळी अमिरातीतून तो अर्ज करण्याचा हक्क तुम्हाला आहे, कारण तुम्ही तेथले निवासी आहात. निवासी असणे आणि कायम निवासी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे नीट ध्यानात येईल. शेंगेनच्या पत्रात ‘कायम निवासी’ आणि अमेरिकेच्या अर्जात ‘नाही’, असे दोन कागद मागे ठेवणे तर फारच महागात पडेल. शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसा प्रणालीत अर्जाची माहिती ५ वर्षांपर्यंत राहते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कॅनडाच्या कायद्यात ५ वर्षांची बंदी आहे, ब्रिटनच्या नियमांत ती १० वर्षांपर्यंत जाते, आणि अमेरिकेच्या कायद्यात तर अशी अपात्रता जन्मभराची आहे. अर्जावर सही तुमची असते, एजंटची नव्हे.

प्रश्न : मी नाशिकची असून जर्मनीत श्टुटगार्ट येथे एमएस्सी करते. माझ्या निवास परवान्याच्या कार्डाची मुदत संपली आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वीच दिला होता, पण नवे कार्ड अजून आलेले नाही. तोपर्यंतचे म्हणून ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ नावाचे प्रमाणपत्र मिळाले आहे. बहिणीकडे लेस्टरला जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा हवा आहे. जर्मनीतील माझा दर्जा आता काय लिहू? मुदत संपलेली, की चालू?

उत्तर : चालू, मात्र तसे लिहिण्यापूर्वी हातातले प्रमाणपत्र उघडून त्याच्या तिसऱ्या पानावर कोणत्या चौकोनात खूण आहे ते पाहा. जर्मन निवास कायद्याच्या ८१व्या परिच्छेदातील चौथ्या उपपरिच्छेदापुढे खूण असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना त्याच्या सर्व हक्कांसह चालू मानला जातो, आणि जुने कार्ड, पासपोर्ट व हे प्रमाणपत्र बरोबर ठेवून तुम्हाला जर्मनीत परत येता येते. तिसऱ्या उपपरिच्छेदापुढे खूण असेल, तर तुमचे राहणे कायदेशीर आहे, पण बाहेर पडल्यावर त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही; तसे असल्यास नवे कार्ड हाती येईपर्यंत लेस्टरचा विचारही करू नका. मुदतीपूर्वी अर्ज दिलेल्या विद्यार्थ्यांना सहसा पहिला प्रकार मिळतो. प्रमाणपत्राच्या नावातल्या ‘फिक्शन’ने दचकू नका. तेथे तो शब्द ‘कायद्याने तसे मानलेले’ या अर्थी आहे, बनावट या अर्थी नव्हे.

अर्जात दर्जा लिहिताना ‘शिक्षणासाठीचा निवास परवाना, मूळ मुदत अमुक तारखेपर्यंत, नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित, दरम्यानच्या प्रमाणपत्राची मुदत अमुक तारखेपर्यंत’ असा पूर्ण तपशील द्या. रकाना लहान असेल तर प्रमाणपत्राची तारीख तेथे आणि बाकीचे अधिक माहितीच्या जागेत लिहा. ‘परवाना मंजूर’ असे लिहू नका, कारण तो अजून मंजूर झालेला नाही. केवळ ‘मुदत संपली’ असेही लिहू नका, कारण वाचणारा त्यावरून तुम्ही जर्मनीत बेकायदा राहत आहात असा अर्थ काढू शकतो. ब्रिटनला इंग्रजीत किंवा वेल्श भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदाचे अनुवादकाच्या सहीचे आणि तारखेचे पूर्ण भाषांतर लागते. या प्रमाणपत्राचे तर ते अवश्य करून घ्या, कारण खूण केलेल्या चौकोनाचा अर्थच त्यावर ठरतो. चालू सत्राचे विद्यापीठाचे नोंदणीपत्रही जोडा. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर लेस्टरची भेट कोणत्या ठरलेल्या कार्यासाठी नसेल तर कार्ड येईपर्यंत थांबावे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. पासपोर्टवरचा व्हिसा २०२४ मध्ये संपला. आय-७९७, म्हणजे मंजुरीचे पत्र, मात्र २०२७ पर्यंत आहे. ग्रीन कार्डच्या वाटेवरचा एक टप्पा, कंपनीने केलेला आय-१४० हा अर्ज, मंजूर आहे. इटलीला जाण्यासाठी अर्ज भरताना कोणती तारीख लिहावी, आणि ग्रीन कार्ड मंजुरीच्या वाटेवर असल्याचा उल्लेख उपयोगी पडेल का?

उत्तर : तारीख आय-७९७ला जोडलेल्या आय-९४वरची, म्हणजे २०२७ची. पासपोर्टवरचा व्हिसा हा दारातून आत येण्याचा परवाना आहे, आत राहण्याची मुदत आय-९४ ठरवते. शेंगेनच्या रकान्यात विचारली आहे ती राहण्याची मुदत. आय-१४० मंजूर असणे म्हणजे रांगेत जागा मिळणे आहे, निवासाचा नवा हक्क नव्हे. भारतात जन्मलेल्यांची ती रांग किती लांब आहे, हे तुम्हाला सांगायला नको. त्याचा उल्लेख दर्जाच्या रकान्यात करू नये. सोबतच्या पत्रात करण्याचेही कारण मला दिसत नाही.

तुम्ही न विचारलेला प्रश्न मात्र अधिक महत्त्वाचा आहे. इटलीहून परत कसे येणार? संपलेल्या व्हिसावर परत प्रवेश देणारी आपोआप नूतनीकरणाची जी सवलत आहे, ती एच-१बीधारकांना कॅनडा आणि मेक्सिको येथल्या ३० दिवसांपर्यंतच्या फेरीपुरती मिळते. इटली तीत बसत नाही. रोमला जाऊन तेथेच स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, करून घेऊ, हा पूर्वी काही जण वापरत असलेला मार्गही आता धरवत नाही, कारण अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ६ सप्टेंबर २०२५ रोजी असे जाहीर केले, की तात्पुरत्या व्हिसाच्या अर्जदारांनी आपल्या नागरिकत्वाच्या किंवा निवासाच्या देशातच मुलाखत द्यावी. अमेरिकेबाहेर पडल्यावर तुमच्यासाठी असा देश उरतो तो भारत. इटलीच्या वकिलातीतला अधिकारीही परत प्रवेशाचा कागद मागू शकतो, आणि तो तुमच्याजवळ नाही. म्हणून आधी भारतात येऊन स्टॅम्पिंग आणि त्यानंतर इटली, असा क्रम ठेवा.

प्रश्न : मी कोल्हापूरची, वय ६४. मुलगी टोरांटोजवळ राहते. तेथे स्थायिक झालेल्यांच्या आई-वडिलांना मिळणाऱ्या सुपर व्हिसावर मी तिच्याकडे दीड वर्ष राहणार आहे. तेथूनच अमेरिकेचा पर्यटक व्हिसा काढावा, असे जावई म्हणतात. अर्जात मी कॅनडाची रहिवासी असे लिहायचे का?

उत्तर : नाही. सुपर व्हिसावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येत असले, तरी कॅनडाच्या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही पाहुण्याच आहात. दीड वर्ष नातवंडे सांभाळली, स्वयंपाकघर ताब्यात घेतले, तरी त्या दर्जात फरक पडत नाही. अमेरिकेच्या अर्जात घरचा पत्ता कोल्हापूरचा लिहायचा. वर सांगितलेला सप्टेंबर २०२५चा नियम तुम्हालाही लागू होतो, आणि पाहुणी म्हणून राहणे हा निवासाचा पुरावा धरला जाण्याची आशा ठेवू नये. जावयांना तसे सांगा. टोरांटोला निघण्यापूर्वी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळते का पाहा. मिळाली नाही, तर या खेपेस नायगारा कॅनडाच्या बाजूने पाहावा. तो तिकडूनही चांगला दिसतो.

प्रश्न : माझा पासपोर्ट यवतमाळच्या पत्त्यावरचा आहे, नोकरीसाठी पुण्यात भाड्याने राहतो. २०२३ मध्ये कंपनीने नऊ महिन्यांसाठी सिंगापूरला पाठवले होते. आता कॅनडाचा पर्यटक व्हिसा काढत आहे. पुण्यातले राहणे ‘तात्पुरता निवास’ म्हणून दाखवायचे का?

उत्तर : दाखवायचे नाही. भारताचा नागरिक भारतात कोठेही राहिला, तरी सध्याच्या निवासाच्या रकान्यात देश भारत आणि दर्जा ‘नागरिक’ हेच येते. पत्ता पुण्याचा लिहा आणि नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार जवळ ठेवा. पासपोर्टवर यवतमाळ असल्याने काही बिघडत नाही.

सिंगापूर मात्र विसरू नका. नागरिकत्वाच्या आणि सध्याच्या निवासाच्या देशाखेरीज मागील ५ वर्षांत अन्य देशात सहा महिन्यांहून अधिक काळ राहिला असाल, तर कॅनडाच्या आयएमएम ५२५७ या अर्जात त्याची वेगळी नोंद मागतात. तेथे देश सिंगापूर, दर्जा ‘वर्कर’ आणि राहण्याच्या पहिल्या-शेवटच्या तारखा लिहायच्या. सिंगापूरच्या प्रवेशाचा शिक्का पासपोर्टवर सापडला नाही, तर मुंबई विमानतळावरचे जाण्या-येण्याचे भारतीय शिक्के आणि तेथल्या वर्क पासच्या पत्रावरील मुदत यांवरून तारखा जुळवा. त्याच तारखा कंपनीकडून मिळणाऱ्या अनुभवाच्या पत्रातही आल्या आहेत ना, हे अर्ज देण्यापूर्वी एकदा तपासून घ्या.